क्रायोग्रिड वापरून बघितलं: टुंड्राची जमीन उन्हाळ्यात किती तापते हे लॅपटॉपवर काढायचं असेल तर

आधी निकाल सांगतो, मग कारणं. पाचपैकी चार स्टार. किंमत शून्य, कारण क्रायोग्रिड हे विद्यापीठातल्या लोकांनी लिहिलेलं मॉडेल आहे, कोड गिटहबवर पडलेला आहे, कोणीही उतरवून घ्या. पण तो मॅटलॅब या गणिताच्या सॉफ्टवेअरमधे लिहिलाय आणि मॅटलॅब काही फुकट मिळत नाही, म्हणजे कॉलेजचं किंवा ऑफिसचं लायसन्स असेल तरच हे फुकट, नाहीतर खिशाला चाट आहे. एक स्टार तिथेच गेला. बाकी चार का दिले ते सांगायला जरा वेळ लागेल, घाई असेल तर शेवटचे दोन पॅरा वाचा.

ज्यांना हे काय प्रकरण आहे तेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टुंड्रात जमीन खाली कायम गोठलेली असते, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात वरचा थर वितळतो, कुठे गुडघ्याएवढा, कुठे कमरेपेक्षा जास्त, आणि हिवाळ्यात परत गोठतो. हा वर-खाली होणारा थर म्हणजे ॲक्टिव्ह लेयर. सगळी मारामारी या थरासाठी आहे. तो किती खोल जाईल यावर वरचे रस्ते, घरांचे खांब, पाइपलाइन, तळी आणि खाली गोठून पडलेला कार्बन, सगळं अवलंबून असतं. क्रायोग्रिड काय करतं, तर जमिनीचा एक उभा खांब घेतं, वर शेवाळापासून खाली कित्येक मीटरपर्यंत, त्याला तुम्ही दिलेली हवा, वारा, दमटपणा, ऊन, ढगांकडून येणारी उष्णता, पाऊस आणि बर्फ पाजतं आणि प्रत्येक पायरीला हिशोब करतं की आलेल्या उष्णतेतली किती परत गेली, किती हवेने नेली, किती बाष्पीभवनात गेली आणि उरलेली किती खाली उतरली.

ओस्लो विद्यापीठातल्या सेबास्टियन वेस्टरमान आणि मंडळींचं हे काम. पहिलं व्हर्जन साधं होतं, वर्षाची सरासरी घेऊन पर्माफ्रॉस्ट आहे की नाही एवढं सांगणारं, मग २०१३ मधे क्रायोग्रिड २ आलं, २०१६ मधे ३, आणि २०२३ मधे सगळं उसवून परत शिवलेलं कम्युनिटी मॉडेल. हा रिव्ह्यू त्या शेवटच्याचा आहे. पॉट्सडॅमच्या आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूटच्या लोकांचाही यात मोठा हात आहे, आणि मॉडेल तपासायला जो डेटा लागतो त्यातला बराचसा त्यांनीच वर्षानुवर्षं बर्फात उभं राहून गोळा केलाय.

आता पहिला प्रश्न कोणीही विचारेल तो, एवढं सगळं कशाला, फॉर्म्युला नाही का? आहे ना. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी योझेफ स्टेफानने (तोच, स्टेफान-बोल्ट्झमनवाला) समुद्रावरचा बर्फ किती जाड होतो यासाठी एक गणित मांडलं, तेच उलटं करून जमिनीला लावतात. एक्सेलच्या एका ओळीत बसतं. वितळण्याची खोली म्हणजे एका वर्गमुळाची भानगड: दोन गुणिले वाहकता (जमीन उष्णता किती सहज पुढे जाऊ देते तो आकडा) गुणिले उन्हाळ्यातले डिग्री-दिवस (रोजचं सरासरी तापमान शून्याच्या वर जेवढे डिग्री, त्याची बेरीज), भागिले जमिनीतलं बर्फ वितळवायला लागणारी उष्णता. दहावीला अप्रकट उष्मा केला असेल, ८० कॅलरी प्रति ग्रॅम, तोच हा. एक किलो बर्फ शून्य डिग्रीलाच नुसतं वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० डिग्रीला पोचेल. म्हणजे टुंड्राच्या जमिनीत उष्णता घालणं हे मुख्यतः तापवणं नसतंच, वितळवणं असतं.

हे मी कागदावर करून बघितलं, तुम्हीही करा, पाच मिनिटांचं काम आहे. पाण्याने गच्च भरलेलं पीट (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची माती) घ्या, ८० टक्के पाणी, वाहकता ०.५ (वॅट प्रति मीटर प्रति डिग्री, पुढेही हेच एकक), उन्हाळ्याचे डिग्री-दिवस ६००. खोली येते ४४ सेंमी. एवढं बर्फ वितळवायला प्रत्येक चौरस मीटरला साधारण ११८ मेगाज्यूल लागतात. आणि तोच थर वितळल्यावर सरासरी ४ डिग्रीपर्यंत तापवायला किती? सहाच्या आसपास. म्हणजे आत गेलेल्या उष्णतेतली पाच टक्के थर्मामीटरवर दिसते, बाकीची पंचाण्णव टक्के गुपचूप बर्फ वितळवण्यात जाते. हे एकदा डोक्यात बसलं की मग नुसतं तापमान बघून जमिनीने किती उष्णता घेतली हे सांगणारे लोक भेटले की हसू येतं. ९० दिवसांत ११८ मेगाज्यूल म्हणजे सरासरी १५ वॅट प्रति चौरस मीटर, बस्स एवढंच. वरून ऊन शेकड्यांनी वॅट येत असतं, टुंड्रात उन्हाळ्यात जी निव्वळ उष्णता जमिनीच्या पृष्ठभागाला मिळते त्यातली साधारण १० ते २० टक्केच खाली उतरते, बाकी वाऱ्याबरोबर आणि बाष्पाबरोबर वर जाते. आणि पृथ्वीच्या पोटातून येणारी उष्णता? ती असते ०.०५ वॅटच्या आसपास, म्हणजे उन्हाळ्याच्या हिशोबात नगण्य, पण शेकडो मीटर खोल पर्माफ्रॉस्ट कुठे संपतो हे ठरवायला तीच लागते, म्हणून मॉडेलच्या तळाला ती द्यावी लागते.

मग स्टेफानचा फॉर्म्युला एवढा छान असताना क्रायोग्रिड कशाला? कारण त्या फॉर्म्युल्यात वाहकता हा एक आकडा आहे आणि टुंड्रात तो एक आकडा नसतोच. इथेच या मॉडेलचे पैसे (म्हणजे शून्य रुपये) वसूल होतात.

दोन जागा घ्या. दोन्हीचा डेटा छापून आलेला आहे आणि उतरवून घेता येतो. एक सामोयलोव बेट, सैबेरियात लेना नदीच्या मुखाशी, ७२ अंश उत्तरेला, ओला पॉलिगॉन टुंड्रा (म्हणजे जमिनीला भेगा पडून बहुकोनी तुकडे झालेला), वर शेवाळ, खाली पीट, सगळं चिंब. दुसरी बायेल्वा, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ऑलेसुंड गावाच्या जवळ, जवळजवळ ७९ अंशांवर, झाडोरा विरळ, मधेमधे उघडी चिखलवट माती. उन्हाळा कुठे जास्त गरम? सामोयलोवला. जुलैची सरासरी तिकडे ९-१० डिग्रीच्या घरात आणि नी-ऑलेसुंडला ५-६. मग जास्त खोल कुठे वितळायला हवं? सामोयलोवला असं कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात सामोयलोवला अर्धा मीटर आणि बायेल्वाला एक मीटरच्या पुढे. उलटं!

का, ते वरच्याच फॉर्म्युल्यात आकडे बदलून कळतं. बायेल्वासारख्या ओल्या मातीची वाहकता १.५ धरा, पाणी ३५ टक्के, डिग्री-दिवस फक्त ४५०, उत्तर येतं बरोबर एक मीटर. कमी ऊब, पण वितळवायला बर्फ कमी आणि उष्णता खाली न्यायला रस्ता मोकळा. शिवाय सामोयलोवचा पर्माफ्रॉस्ट खाली खूपच थंड आहे, तो वरून आलेल्या उष्णतेतला वाटा आधी स्वतःला शून्याच्या जवळ आणायला खातो, हे मात्र स्टेफानच्या फॉर्म्युल्यात कुठेच नाही. क्रायोग्रिडमधे आहे. या एका जोडीसाठी तरी मॉडेल चालवून बघा असं मी सांगेन, दोन्ही जागांचे थर भरायचे आणि मग हवामान अदलाबदल करून द्यायचं, सामोयलोवच्या मातीला स्वालबार्डचं हवामान आणि उलट. हवामान आणि माती यातलं कोण जास्त खेळ करतं ते समोर दिसतं आणि हवामानाबद्दलचा आपला फाजील आदर जरा कमी होतो.

आता शेवाळ. माझ्या मते अख्ख्या मॉडेलमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग वरचे १० सेंमी आहेत आणि लोक सगळ्यात कमी लक्ष तिथेच देतात. खाली १०० मीटरपर्यंत ग्रिड काढतील, खडकाची वाहकता तीन पेपरांमधून शोधून आणतील आणि वरच्या शेवाळाला अंदाजपंचे आकडा टाकतील. अरे, उष्णता आत जाणार ती त्याच दारातून ना! कोरड्या शेवाळात मुख्यतः हवा असते आणि हवेची वाहकता ०.०२५. पाण्याची ०.५७. बर्फाची २.२. म्हणजे तेच शेवाळ जुलैमधे कोरडं असताना, ऑगस्टमधे पावसात भिजल्यावर आणि ऑक्टोबरात गोठल्यावर तीन वेगळे पदार्थ असतात. गोधडीसारखं आहे ते, कोरडी असेल तोवर आड येते आणि भिजली की काही उपयोग नाही. उन्हाळ्यात कोरडं राहून उष्णता खाली जाऊ देत नाही आणि हिवाळ्यात गोठून खालची उष्णता पटापट बाहेर सोडतं, त्यामुळे वर्षाची सरासरी काढली तर पर्माफ्रॉस्टच्या माथ्याचं तापमान पृष्ठभागापेक्षा थंड निघतं. नुसत्या वाहकतेच्या फरकाने. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला यात काहीतरी गडबड वाटली होती, पण मॉडेलमधे वाहकता गोठलेल्या आणि न गोठलेल्या मातीला सारखी करून टाकली की तो फरक गायब होतो, परत टाकली की परत येतो. असं बटण दाबून बघता येणं ही खरी मजा आहे.

क्रायोग्रिडमधे जमिनीचे वेगवेगळे क्लास (म्हणजे कोडचे तयार ठोकळे) असतात, एकावर एक रचता येतात. काहींमधे पाणी शून्याला एकदम गोठतं, जे खडबडीत वाळूला आणि पीटला साधारण चालतं. काहींमधे गोठण्याचा वक्र असतो, म्हणजे चिकणमातीत उणे एक-दोन डिग्रीलाही थोडं पाणी द्रवच राहतं, ते बायेल्वासारख्या जागेला लागतंच. जादा बर्फवाले क्लास वेगळे, ज्यात बर्फ वितळलं की जमीनच खाली बसते. त्यावर वरून पडणाऱ्या बर्फाचे, म्हणजे स्नोचे, क्लास, साधा घ्या किंवा क्रोकस नावाच्या फ्रेंच बर्फ-मॉडेलवर बेतलेला घ्या ज्यात बर्फाचे थर दाबले जातात, दाणे बदलतात. तळ्यांसाठी वेगळे. सुरुवातीला ही नावं बघून डोकं गरगरतं, ग्राउंड फ्रीझ-सी बकेट-डब्ल्यू एसईबी स्नो असली नावं आहेत, पण नावातच आत काय आहे ते लिहिलेलं असतं, दोन-चार दिवसांत डोळ्यांना सवय होते. आणि सगळी सेटिंग एक्सेलच्या शीटमधून देता येते, म्हणजे कोडला हात न लावता माती बदला, थर बदला, चालवा. प्रोग्रॅमिंगची भीती असलेल्यांना हे बरं आहे. ज्यांना एक्सेल बघितलं की चीड येते त्यांच्यासाठी साध्या टेक्स्ट फाइलचीही सोय आहे.

माझा सल्ला, सुरुवात वरून पडणाऱ्या बर्फाशिवाय आणि बाकीच्या नखऱ्यांशिवाय फक्त एका उन्हाळ्यावर करा. जूनमधला एखादा दिवस घ्या आणि तासातासाचं आउटपुट काढा. नी-ऑलेसुंडला १८ एप्रिलच्या सुमारास सूर्य मावळायचा थांबतो तो थेट २४ ऑगस्टच्या सुमारास परत मावळतो, पण म्हणून दिवस-रात्र नाही असं नाही. २१ जूनला दुपारी सूर्य ३४ अंशांवर असतो आणि मध्यरात्री १२ अंशांवर, त्यामुळे पृष्ठभागाचं तापमान रोज वर-खाली होतंच. ती लाट खाली जाताना बघा. ओल्या पीटमधे ६ सेंमीवर ती वरच्या ३७ टक्के उरते आणि २० सेंमीवर ४ टक्के. म्हणजे दुपारी पृष्ठभाग १५ डिग्रीला गेला असेल तरी वीतभर खाली जमिनीला दुपार झालेली कळतच नाही. तिथे फक्त आठवडे कळतात. ग्राफमधे वरच्या रेषा उड्या मारतायत आणि खालच्या सरळ चालल्यात, आणि सगळ्यात खाली शून्यावर एक रेषा आडवी पडलेली, ती वितळण्याची सीमा. सप्टेंबर-ऑक्टोबरात हेच उलटं होतं, वरून आणि खालून दोन्हीकडून गोठत येतं आणि मधला थर कित्येक आठवडे शून्यावर अडकून बसतो कारण प्रत्येक ग्रॅम पाणी गोठताना आपली उष्णता सोडत असतं. बाहेर उणे १५ आणि आत शून्य. मॉडेलने ही आडवी रेषा नीट काढली नाही तर पाण्याचं प्रमाण चुकलंय समजायचं, माझ्यासाठी तरी हीच पहिली परीक्षा.

वरून पडणाऱ्या बर्फावर जास्त लिहीत नाही कारण विषय उन्हाळ्याचा आहे, पण उन्हाळा सुरू कधी होतो हे बर्फच ठरवतं. बर्फ ऊन परत फेकतं, ताजं असेल तर ८० टक्के, आणि उघडा टुंड्रा फक्त १५-२०. म्हणजे बर्फ गेलं की जमीन शोषते ते ऊन ताज्या बर्फाच्या मानाने चौपट होतं, आणि हे होतं जूनमधे, ऊन सगळ्यात जास्त असताना. मॉडेलमधे बर्फ एक आठवडा उशिरा वितळलं तर तो आठवडा ऑगस्टमधला नसतो, वर्षातला सगळ्यात महागडा आठवडा असतो. त्यामुळे उन्हाळ्याचा निकाल चुकतोय असं वाटलं तर आधी बर्फ जाण्याची तारीख जुळते का बघा, मातीचे आकडे नंतर पिळा.

पावसाचं मात्र मला फार आवडलं. लोकांना वाटतं गरम पाऊस पडतो आणि बर्फ वितळवतो. हिशोब करा. १० डिग्रीचा एक सेंमी पाऊस पडला तर त्याच्यात प्रत्येक चौरस मीटरला ४२० किलोज्यूल उष्णता असते, त्यात आपल्या त्या पीटमधलं जेमतेम दीड मिलिमीटर वितळेल. आणि अलास्कात फेअरबँक्सच्या आसपास मोजणी केली (२०२० मधे छापून आली, टुंड्रा नाही, जंगलाकडचा भाग आहे) तेव्हा एक सेंमी जादा पावसामागे साधारण ०.७ सेंमी जादा वितळणं दिसलं. म्हणजे पाऊस स्वतः उष्णता आणतो त्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतो, कारण तो वरचं भिजवतो आणि वाहकता वाढवतो, पाणी खाली झिरपतं. म्हणून पाण्याचा हिशोब न ठेवणारं मॉडेल ओल्या उन्हाळ्यात फसणारच. क्रायोग्रिडमधे पाणी हलणारे क्लास आहेत, ते घ्या, पाणी जागच्या जागी ठेवणारे क्लास फक्त शिकण्यापुरते.

आता कुरकुरी. पहिली म्हणजे हवामानाचा डेटा. सगळे ईआरए५ (युरोपच्या हवामान केंद्राने अख्ख्या जगासाठी बनवलेला हवामानाचा डेटा) घेतात, मीही घेतला, तासातासाचा मिळतो, जुना मिळतो, फुकट मिळतो. पण त्याचा एक चौकोन साधारण ३१ किमीचा आहे. नी-ऑलेसुंडच्या एका चौकोनात फियोर्ड (समुद्राची अरुंद खाडी), डोंगर, हिमनद्या आणि आपली टुंड्राची चिमूटभर जमीन असं सगळं कालवलेलं. त्याचं तापमान आपल्या शेवाळाचं नसतं. स्टेशनचा मोजलेला डेटा मिळत असेल तर तो वापरा आणि मधल्या फटी फक्त ईआरए५ने बुजवा. हा दोष मॉडेलचा नाही, पण रिव्ह्यूत सांगायला हवं कारण निकाल वाईट आला की शिव्या मॉडेल खातं.

दुसरी, वेळ. ग्रिड बारीक केलं की वेळेची पायरीही बारीक करावी लागते आणि ती वर्गाने लहान होते, ५ सेंमीचे थर १ सेंमी केले की पायरी पंचवीस पट लहान. त्यात बर्फाचे पातळ थर आले की लॅपटॉपचा पंखा ऐकू यायला लागतो. शिवाय खोल जमिनीला मागचं हवामान आठवत असतं, १० मीटर खालचं तापमान हे या उन्हाळ्याचं नसतं, त्यामुळे खरा प्रयोग सुरू करायच्या आधी मॉडेलला कित्येक वर्षांचं हवामान पाजून स्थिरावू द्यावं लागतं. रात्री लावा, सकाळी बघा, असा प्रकार.

तिसरी, एक खांब म्हणजे एकच खांब. पॉलिगॉन टुंड्रात दोन पावलांवर जग बदलतं, मधे डबकं, कडेला कोरडा उंचवटा. कडेवरचं बर्फ वाऱ्याने उडून मधे साठतं, पाणी कडेवरून मधे येतं. हे पकडायला दोन-तीन खांब शेजारी ठेवून त्यांच्यात पाणी, उष्णता, बर्फाची देवाणघेवाण करायची सोय दिलेली आहे आणि सामोयलोवसाठी तसं करून छापलेलंही आहे. चांगली सोय आहे पण अवघड आहे. नवख्यांनी पहिल्या महिन्यात तिकडे फिरकू नये.

मोजमापांबद्दल थोडं, कारण मॉडेल कशाशी ताडायचं हा प्रश्न येतोच. जमिनीत पुरायची उष्णता-प्रवाहाची चकती मिळते, चांगल्या कंपन्यांच्या आहेत, पण शेवाळात ती नीट बसतच नाही, शेवाळ पोकळ आणि चकती घट्ट, मधे हवा राहते, आणि तिच्या स्वतःच्या वाहकतेचा शेवाळाशी काही संबंध नसतो. त्यापेक्षा वेगवेगळ्या खोलीवर तापमान आणि ओल मोजून किती वितळलं त्यावरून उलटा हिशोब करणं जास्त भरवशाचं. तापमानाच्या लॉगरचंही (आपोआप नोंद ठेवणाऱ्या यंत्राचंही) तेच. लडाखला नेण्यासाठी म्हणून एका कंपनीचे स्वस्त लॉगर आम्ही घेतले, नाव नको, अचूकता अर्धी डिग्री लिहिलेली. अर्धी डिग्री म्हणजे मुंबईच्या हवेला काहीच नाही पण इथे शून्याच्या अलीकडे पाणी आणि पलीकडे बर्फ आहे. थर्मासमधे बर्फाचा चुरा आणि पाणी कालवून त्यात सगळे बुडवून ठेवले तर एक सरळ ०.४ दाखवत होता. प्रत्येकाचा फरक चिकटपट्टीवर लिहून त्यालाच चिकटवला, मग नेले. असा फरक न काढता कोणी मॉडेल चूक म्हणत असेल तर ऐकू नका. सगळ्यात साधं मोजमाप म्हणजे लोखंडी सळई जमिनीत खुपसायची, गोठलेल्याला टक्कर लागली की खोली लिहायची. हसू नका, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जगभर चालू असलेल्या सीएएलएम नावाच्या जाळ्यात असंच मोजतात, ठरलेल्या चौकोनात ११ गुणिले ११, म्हणजे १२१ जागी, उन्हाळ्याच्या शेवटी. दगडाळ जमिनीत मात्र सळईला दगड आणि बर्फ यातला फरक कळत नाही.

आपल्याकडच्या कोणी हे का वापरावं असं विचाराल तर, एक, भारताचं हिमाद्री स्टेशन २००८ पासून नी-ऑलेसुंडलाच आहे आणि ते चालवतात गोव्यात वास्कोला बसून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. म्हणजे बायेल्वा हे आपल्या लोकांच्या चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि १९९८ पासूनचा तिथला मातीचा डेटा जगासमोर उघडा आहे, ज्यात जमीन वरपासून खालपर्यंत तापत चाललीय हे दिसतं. पुण्या-मुंबईतला एमएस्सीचा पोरगा किंवा पोरगी घरात बसून त्यावर प्रोजेक्ट करू शकते, व्हिसा लागत नाही, स्वेटर लागत नाही. दोन, लडाख. तिथे टुंड्रासारखं शेवाळ नाही, कोरडं आणि उंच आहे, पण पर्माफ्रॉस्ट आहे आणि साउथ पुल्लूजवळ ४७०० मीटरच्या वर उष्णतेच्या हिशोबाचं काम झालेलं आहे, तेही आपल्याच लोकांनी. त्यांनी जिओटॉप नावाचं दुसरं मॉडेल वापरलं. जिओटॉप डोंगर-उतारांना जास्त योग्य, कारण मुळात तसंच बनवलंय. सपाट, ओल्या, पीटवाल्या टुंड्राला माझं मत क्रायोग्रिडला.

मग कोणी घ्यावं? ज्याला फक्त या वर्षी किती खोल वितळलं असेल याचा अंदाज हवाय त्याने घेऊ नये, स्टेफानचा फॉर्म्युला आणि एक्सेल पुरे, वाहकतेचा आकडा नीट निवडा आणि झोपा. ज्याला अख्ख्या सैबेरियाचा नकाशा रंगवायचाय त्यानेही आधी विचार करावा, खांबांची संख्या वाढली की मोठा कॉम्प्युटर लागणार. पण ज्याला एका जागेवर उष्णता आत कशी जाते, कुठे अडते, शेवाळ काढून टाकलं तर काय, पाऊस दुप्पट झाला तर काय, असे प्रश्न पडतात त्याच्यासाठी यापेक्षा चांगलं खेळणं मला तरी सापडलेलं नाही, आणि पेपरमधे प्रत्येक समीकरण लिहिलेलं आहे म्हणजे आत काय चाललंय हे झाकलेलं नाही, ही गोष्ट मोठ्या हवामान-मॉडेलांबाबत सहज म्हणता येत नाही.

मॅटलॅब नसेल तर ऑक्टेव्हवर (मॅटलॅबसारखंच फुकट सॉफ्टवेअर) चालेल या आशेवर वेळ घालवू नका, कोड क्लासेसवर उभा आहे आणि ऑक्टेव्हचं तिथे जमत नाही. त्यापेक्षा जूलिया भाषेतलं क्रायोग्रिड डॉट जेएल बघा, भाषाही फुकट आणि वेगवान, फक्त ते वेगळं पॅकेज आहे, याच मॉडेलची नक्कल समजून त्यात तेच क्लास शोधत बसू नका. आणि पहिला रन करायच्या आधी सामोयलोवचा डेटा उतरवून ठेवा, तापमान, ओल आणि बर्फाची उंची तिन्ही, फाइलमधल्या वेळा कुठल्या टाइमझोनच्या आहेत ते वाचून घ्या, आणि वरच्या १० सेंमीत ग्रिड २ सेंमीपेक्षा जाड ठेवू नका.